नावापुढची अक्षरं

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर माझ्या बहिणीच्या मुलीचा विषय निघाला. बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले आणि पोरीनं बी.एस्सी. नर्सिंगचं नाव काढलं. आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, त्यांनी लगेच लिहिलं, "एवढं शिकवून शेवटी लोकांचं हागणं-मुतणं काढायला पाठवायचं? आणि उद्या ही पण जाणार परदेशी. सरकारनं शिकवायचं आणि यांनी गोऱ्यांची सेवा करायची." खाली सात अंगठे. मी इथे इंग्लंडात नर्स आहे. लाँग डे, म्हणजे दिवसभराची लांब पाळी, संपवून बसमध्ये बसले होते. त्या 'ही पण' मधला 'पण' माझ्यासाठी होता, हे कळायला काही वेळ लागला नाही.

आबांना मी आजवर उलट बोललेले नाही. ग्रुपवरही बोलले नाही. पण गेले आठ दिवस ड्युटीवर, स्वयंपाक करताना, लिडल या दुकानाच्या रांगेत मी त्यांच्याशीच भांडते आहे.

सरकारनं शिकवलं म्हणता? माझ्या जीएनएमची, म्हणजे नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या डिप्लोमाची फी वडिलांनी द्राक्षाच्या पैशांतून भरली. एक हंगाम गारपिटीत गेला तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. तेव्हा हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता, आता तीनचा आहे. 2016 साली पास होऊन मी सांगलीतल्या एका साठ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात लागले. पगार महिना नऊ हजार, आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानं आदेश दिला आणि त्यानंतर केंद्रानं समिती नेमली होती. तिनं सांगितलं, पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला वीस हजारांच्या खाली पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका द्या. आमच्या वॉर्डात हे कुणाला माहीतही नव्हतं. नऊ हजारांवर मुलगी राबते तेव्हा कुणाच्या ग्रुपवर चर्चा होत नाही. ती विमानात बसली की देशाचं नुकसान दिसायला लागतं.

आता त्या हागण्या-मुतण्याबद्दल. सांगलीत पाच वर्षं नोकरी करून मी पेशंटची पाठ नीट पाहायला शिकले नव्हते, हे मला इथे आल्यावर समजलं. तिकडे अंग पुसायला नातेवाईक, बेडपॅनला मावशी, आणि मी सलाईन, इंजेक्शन, फाइल यांत बुडालेली. तीस पेशंट आणि मी एकटी असताना दुसरं काय होणार? मिडलँड्समधल्या या हॉस्पिटलात पहिल्याच महिन्यात, सकाळी साडेसातला, सीनियर नर्सनं मला एका नव्वदीच्या आजोबांना अंघोळ घालायला सोबत घेतलं. त्यांना कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग होता. तिनं त्यावर बोट दाबलं, उचललं. डाग पांढरा पडला नाही, लालच राहिला. म्हणजे बेडसोरची सुरुवात, आतलं मांस दबून मरायला लागलं आहे. कातडी अजून फुटलेली नाही, आज गादी बदलली, दर दोन तासांनी कूस बदलली तर वाचेल. मग ती मला म्हणाली की तुझ्या-माझ्यासारख्या सावळ्या कातडीवर हा लाल रंग दिसतच नाही, तिथे हाताची मागची बाजू लावून ऊब आणि टणकपणा बघायचा. ती केरळची होती. हे ज्ञान अंघोळ घालणारीलाच मिळतं, आबा. लांबून फाइल बघणाऱ्याला मिळत नाही.

आणि आमच्याकडच्या नर्सना हे येत नाही असं कुणी इथे बोललं तर मी ऐकून घेत नाही. अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत केईएममध्ये अंथरुणाला खिळून होत्या. बेचाळीस वर्षं. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना असं सांभाळलं की अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. त्या परिचारिका हेच 'काढत' होत्या.

भाचीनं मला वेगळा मेसेज केला होता, तिला मी सविस्तर लिहिलं. बी.एस्सी.साठी पीसीबी आणि इंग्रजी लागतं, सीईटी सेलची वेगळी परीक्षा द्यावी लागते, चार वर्षं. जमलं नाही तर तीन वर्षांचं जीएनएम, त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. कॉलेजची इमारत बघू नकोस, त्याला जोडलेलं हॉस्पिटल बघ. तिथे खाटांवर पेशंट आहेत का, की तपासणीच्या दिवशी गोळा करून आणतात? रात्रपाळीत विद्यार्थिनींच्या जिवावर वॉर्ड चालतो का? मी दुसऱ्या वर्षाला असताना रात्री अख्खा मेडिकल वॉर्ड सांभाळला आहे. त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा. आता अंगावर काटा येतो, कारण इथे विद्यार्थिनीला वॉर्डाच्या मनुष्यबळात धरतच नाहीत. ती शिकायला आली आहे, कमी पडणारे हात भरून काढायला नाही. नर्स व्हायला 4,600 तास पूर्ण करायचे, त्यांतले निम्मे प्रत्यक्ष कामाचे. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकषही कागदावर चांगलेच आहेत. साध्या हॉस्पिटलात पाच खाटांमागे एक नर्स, म्हणजे एका पाळीत पंधरांमागे एक. सांगलीत मला पंधराच पेशंट असते तर मी कशाला आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला गेले असते, हे मी रागानं लिहिते आहे, पण पूर्ण खरं नाही. कदाचित तरीही गेले असते.

मी 2021 च्या नोव्हेंबरात आले. रायटिंगमध्ये साडेसहा मिळवायला तीन वेळा बसले. नॉर्दम्पटनला ऑस्कीची, म्हणजे इथल्या प्रात्यक्षिक परीक्षेची, दहा स्टेशनं दिली, एकात पेशंटचा आर्मबँड तपासायचा राहिला म्हणून पुन्हा बसावं लागलं. मग पिन, म्हणजे इथला नोंदणी क्रमांक, आला आणि बँड पाच ही पगाराची श्रेणी मिळाली. आजही पाचच. माझ्या वॉर्डातल्या दोन नर्स प्रिस्क्राइबर आहेत, स्वतः औषध लिहून देतात, आणि डॉक्टर त्यांना विचारून जातो. परिसेविका, मग अधिसेविका, एवढीच शिडी पाहिलेल्या मला ते बघून भरून आलं होतं. पण बँड सहाच्या मुलाखतीला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझ्याकडून शिकलेली मुलगी निवडली गेली. घरी हे कुणाला सांगितलेलं नाही. 15 डिसेंबर 2022 ला रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या इथल्या नर्सच्या संघटनेच्या इतिहासातला इंग्लंडमधला पहिला संप झाला, तेव्हा थंडीत गेटवर उभी असताना मला त्याच वर्षी मे-जूनमध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेलेल्या महाराष्ट्रातल्या परिचारिका आठवत होत्या. त्यांच्यात मी नव्हते. यांच्यातही, खरं सांगायचं तर, कडेलाच होते. आता सेटलमेंट, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, पाचाऐवजी दहा वर्षांवर न्यायची भाषा सुरू झाली आहे, आणि माझी पाच भरत आली आहेत.

एक गोष्ट मात्र आबांना कधी कळणार नाही, कारण ती मी कुणाकडे बोललेच नाही. आपल्याकडे जीएनएम झालं की नावापुढे आरएन, आरएम लागतं. नर्स आणि मिडवाइफ. इथे माझ्या नोंदीत फक्त ॲडल्ट नर्स आहे. मिडवाइफ हा इथे वेगळाच पेशा, त्याचं शिक्षण वेगळं. हे मला येण्याआधी माहीत होतं, नियम म्हणून पटतंही. पण कॅन्टीनला जाताना लेबर वॉर्डाच्या दारावरून जावं लागतं, आणि आत जायला माझं कार्ड चालत नाही. विसाव्या वर्षी मी या हातांनी बाळंतपणं केली आहेत.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. निघण्याआधी केलं होतं, यंदा पुन्हा आलं. इथे त्याचा काही उपयोग नाही. भाची म्हणाली, "मावशी, परत येणार नसशील तर कशाला पैसे भरतेस?" मी भरले. त्या दोन अक्षरांसाठी भरले.

तिला कॉलेजमध्ये नोंदवही कशी असते ते बघायचं होतं, म्हणून तासगावच्या घरातल्या पेटीतून माझी काढायला सांगितली. काल रात्री तिनं प्रसूतीच्या नोंदींच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. माझं तेव्हाचं गोल गोल अक्षर, बाजूला ट्यूटर मॅडमची सही. मुलगी, वजन 2 किलो 600 ग्रॅम, लगेच रडली.

खाली पोरीनं विचारलं, "मावशी, ही आता केवढी असेल गं?"

मी हिशोब केला. चांगली मोठी झाली असेल, शाळेत जात असेल.