पुरावा म्हणून एक नाक

गेल्या रविवारी सकाळी सव्वादहाला अख्ख्या महाराष्ट्रात माझ्यापेक्षा उंच जागी कोणी नव्हतं. म्हणजे पन्नासेक लोक होते, पण सगळे माझ्याच पातळीवर. याचा पुरावा म्हणून माझ्याकडे एका अनोळखी गृहस्थाचं नाक आहे.

शनिवारी रात्री जेवताना मेहुणा म्हणाला, राज्यात सगळ्यात उंच महाबळेश्वर. का, तर तिथे थंडी असते. मी म्हटलं, महाबळेश्वर चौदाशे आणि काही मीटर, त्याच्यावर साल्हेरचा किल्ला १५६७ आणि सगळ्यांच्या डोक्यावर कळसूबाई, १६४६. "दाजी, आकडे काय, कोणीही सांगेल," असं तो म्हणाला आणि पहाटे तीनला आम्ही ठाण्याहून निघून कसारा घाट चढत होतो. मग इगतपुरी, घोटी आणि कळसूबाईच्या पायथ्याचं बारी. वाटेत तो झोपला होता आणि पेट्रोल माझं होतं. याहून सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पहिल्या लोखंडी शिडीच्या अलीकडे भज्यांची टपरी लागली. तिथे मेहुणा जो बसला तो बसला. "तुम्ही व्हा पुढे, दाजी." माझा चष्मा त्याच्या सॅकमध्ये राहिला, हे मला दोन शिड्यांनंतर आठवलं. रविवारी त्या शिड्यांवर रेशनच्या दुकानासारखी रांग असते. पुढच्याची टाच आपल्या कपाळाशी आणि आपली टाच मागच्याच्या.

रांगेत उभ्याउभ्या, जिच्यावरून कळसूबाई हे नाव पडलं त्या काळसूची गोष्ट आठवली. काळसू ही कोळ्याची पोर. डोंगराखालच्या गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी नेमकं तेच करायला लावलं. तिने निमूटपणे केलं आणि तडक डोंगरावर निघून गेली, ती कायमची. दंतकथाच, पण केराला वैतागून एवढ्या उंच गेलेल्या बाईच्या वाटेवर आपण वेफर्सच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या टाकतो. तिला आता आणखी वर जायला डोंगर तरी शिल्लक आहे का? माझ्या पुढच्याने बाटली कड्याखाली भिरकावली. मी बोललो, तर म्हणाला, "काका, रिकामीच होती."

माथ्यावर देवीला नमस्कार करून वळलो तोच पिवळे टी-शर्ट घातलेली चौदा माणसं समोर. त्यांचे म्होरके पन्नाशीचे. "काका, एक फोटो काढता?" मीही पन्नाशीचाच. पण जाऊ दे.

एक फोटो म्हणजे सहा फोन.

"आडवा धरा. मागे अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांचं त्रिकूट आलं पाहिजे."

"आलं."

"तिन्ही?"

"कुलंग तुमच्या वहिनींच्या मागे आहे."

"मग काका, जरा मागे सरका."

मी मागे पाहिलं. मागे अकोले तालुका होता, पण बराच खाली.

"अजून एक पाऊल," ते म्हणाले.

"साहेब, अजून एक पाऊल टाकलं तर तुम्हाला वर्गणी काढावी लागेल."

बाकीचे तेराही जण हसले. म्होरके हसले नाहीत. "बरं, देवळाचा कळस आलाय ना?"

"कळस माझ्या डाव्या हाताला आहे."

"मग आम्ही तिकडे येतो."

आले. चौदाच्या चौदा. पुन्हा पहिल्या फोनपासून. तिसऱ्या फोनला कोणाचे तरी डोळे मिटले. चौथ्याला एक मुलगी म्हणाली, आता उडी मारताना. इतक्या उंचावर येऊन लोकांना आणखी सहा इंच वर का जायचं असतं? पाचव्या फोनला पासवर्ड होता.

हे सगळं उरकल्यावर मी म्हटलं, माझाही एक काढा. म्होरक्यांनी माझा फोन हातात घेतला, दोन पावलं मागे गेले (त्यांच्या मागे सपाटी होती) आणि म्हणाले, "काका, हसा. अजून हसा. मस्त आलाय." चष्म्याशिवाय मला पडद्यावर नुसता पिवळा-निळा ठिपका दिसला. मी आभार मानून उतरलो.

टपरीत चष्मा लावून पाहिलं तर फोटो नव्हताच. अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता, तोही पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला. पूर्ण पडदाभर त्यांचं नाक, खालच्या बाजूने. भोवती थोडं निळं आकाश. आणि त्यांचाच आवाज: "अजून हसा."

मेहुण्याने तो दोनदा पाहिला. "हे कोण?"

"ज्यांनी माझा फोटो काढला ते."

"मग तुम्ही कुठे आहात?"

"त्यांच्या समोर."

"दाजी," तो कढईकडे बघत म्हणाला, "आकाश तर इथूनही असंच दिसतंय."

घरी पोचेपर्यंत त्याने फोनवरून बहिणीला कळवलं होतं की दोघंही भज्यांच्या टपरीपर्यंत छान जाऊन आलो. मी बायकोला ते नाक दाखवलं. तिने ते शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किती प्लेट झाल्या?"

"चार," मी म्हटलं. बिल मीच दिलं होतं, त्यामुळे आकडा पक्का होता.

"तरीच वर जाता आलं नाही," ती म्हणाली.