गुळव्याचा फोटो आणि मी बघितलेले व्हिडिओ

"फोटोग्राफी, एडिटिंग शिकायला कुठले व्हिडिओ बघू?" दर आठ-पंधरा दिवसांनी हा प्रश्न येतोच. दोन-चार चॅनेलची नावं सांगून मोकळं होता येईल, पण त्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. माझं म्हणणं असं: आधी स्वतःचा एक फसलेला फोटो समोर घ्या, तो कशाने फसला हा एवढाच प्रश्न धरा, आणि मग शोधायला बसा.

माझा फसलेला फोटो कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळातला आहे. जानेवारीतली सकाळ होती. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीतून वाफेचे लोट उठत होते, गूळ करणारे मामा वाकून मळी काढत होते आणि पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी त्या वाफेवर पडली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसला. घरी येऊन लॅपटॉपवर उघडला, तर वाफेच्या जागी नुसता पांढरा डाग!

तेव्हा मी एका ऑनलाइन कोर्सला पैसे भरले होते. त्यात शंभरेक प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोला लागणारी तयार एडिटिंगं, दिली होती, आणि 'त्वचा चमकवा' म्हणून एक अख्खा धडा होता. मी तो मन लावून केला. मामांचा उन्हाने आणि धगीने रापलेला चेहरा गुळगुळीत झाला, दोन छटा उजळला, वर नारिंगी झाक आली. प्रिंट काढून मी ती कौतुकाने घेऊन गेलो. त्यांच्या नातीने फोटो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो आमचा आज्जा न्हवं."

मामा काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

चेहरा उजळवायला शिकवणारे हजारो व्हिडिओ आपल्याकडे आहेत आणि मला ते मनापासून चुकीचे वाटतात. हे दुखणं जुनं आहे. कोडॅकच्या फिल्मच्या काळात प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये जी 'शर्ली कार्डं' असायची, त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. तिची कांती बरोबर आली की रंग बरोबर. सावळ्या माणसाचं काय होतं, हे कुणी बघतच नव्हतं. आज स्लायडर आपल्या हातात आहे. निदान आपण तरी आपल्या माणसांना खोडून काढू नये.

मग मी शोधायची पद्धतच बदलली. 'बेस्ट एडिटिंग' असं टाकणं बंद केलं. 'अंधाऱ्या जागेत पांढरी वाफ का जळते' हे शोधलं, आणि उत्तर मिळालं. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. शेड काळोखी, म्हणून त्याने उजेड वाढवला आणि वाफ जळून नुसती पांढरी झाली. एक्सपोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, एक-दीड स्टॉप खाली घेतलं असतं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) तर काम झालं असतं. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४. म्हणून रॉमध्ये सावलीतला चेहरा नंतर वर आणता येतो. पण पार जळालेली वाफ रॉमध्येही परत मिळत नाही. म्हणजे एडिटिंगची निम्मी लढाई शटर दाबतानाच होऊन जाते.

हे 'का' ज्याने सांगितलं, तो माझा शिक्षक. मार्क लेव्हॉय हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे माजी प्राध्यापक. त्यांची २०१६ सालची डिजिटल फोटोग्राफीवरची १८ व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. इंग्रजी आहेत, थोडं गणितही आहे, पण प्रकाश आणि भिंग याबद्दल इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं. एडिटिंगला कंप्युटरवर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोबाइलवर स्नॅपसीड हे अ‍ॅप आहे. महागडं काही लागत नाही. मराठीत असं खोलात जाऊन समजावणारं फारच कमी सापडतं, याचं वाईट वाटतं. ज्यांना येतं त्यांनी करावं, अगदी दहा मिनिटांचा व्हिडिओ का असेना.

आणि एक. व्हिडिओ बघून झाला की त्याच दिवशी कॅमेरा हातात घ्या. मी स्वयंपाकघरात कुकरच्या वाफेवर आठवडाभर सराव केला. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या म्हणजे पांढऱ्या कडेला आदळतोय का, तेवढंच बघत होतो.

या हंगामात पुन्हा गेलो. एक्सपोजर खाली, फाइल रॉ. घरी चेहऱ्यावर फक्त थोडा उजेड आणला, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, बघितला, सुरकुत्यांना हात लावला नाही. रसाचा रंग डोळ्यांना दिसला होता तसाच ठेवला. प्रिंट दिली तेव्हा मामांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. काहिलीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात पाक झालाय बघा. आता उतरवायलाच पायजे."