‘जजचा टक्का कमी? अर्ज मागे घ्या!’ म्हणे

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीबद्दल, म्हणजे आजारानं काम करता येईनासं झालं तर मिळणाऱ्या सरकारी लाभाबद्दल, एक निरोप बराच फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अपिलाच्या सुनावणीत सगळं जजवर असतं, केस नावापुरती. प्रत्येक जजचा मंजुरीचा टक्का सरकारी वेबसाइटवर असतो, तो आधी बघा, तीच तुमची शक्यता. कमी असेल तर जज बदलून मागा, नाही जमलं तर अर्ज मागे घेऊन नव्यानं भरा. टक्का चांगला असेल तर वकिलावर पैसे घालवू नका. आणि जजना वरून कोटा ठरवून दिलेला असतो, इतक्याच केस मंजूर करायच्या. शेवटी ‘जनहितार्थ पुढे पाठवा’ आहेच.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. त्या निम्म्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतं, म्हणून आधी ते मान्य करून टाकू.

जजगणिक फरक पडतो, आणि तो थोडाथोडका नाही. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, म्हणजे अमेरिकी संसदेचं तपासणी कार्यालय, यांनी २०१७ च्या अहवालात याचा हिशेब मांडला. अर्जदाराचं वय, आजार, सुनावणी कार्यालय अशा गोष्टी सारख्या धरल्या, तरी एक सर्वसाधारण केस या जजऐवजी त्या जजकडे गेली तर मंजुरीच्या शक्यतेत ४६ टक्क्यांपर्यंत तफावत येऊ शकते, असं त्यांना आढळलं. उदाहरणार्थ एकाकडे ३०, तर दुसऱ्याकडे ७६. अर्थतज्ज्ञांना तर हा नशिबाचा भाग इतका पक्का वाटतो की एरिक फ्रेंच आणि जे सॉंग यांनी २०१४ मध्ये त्यावरच अभ्यास बेतला: कडक जज वाट्याला आलेले आणि सैल जज वाट्याला आलेले अर्जदार पुढे किती काम करतात, याची तुलना. हे लाजिरवाणं आहे. आजारी माणसाचं पोट चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरू नये. पण ‘फरक पडतो’ यावरून ‘केस नावापुरती’ हे निघत नाही. तो हिशेब सर्वसाधारण केसचा आहे, अधल्यामधल्या. कागद भक्कम असतील तर कडक जजलाही नाकारण्याची कारणं लेखी द्यावी लागतात, आणि ती पुढे अपील्स कौन्सिल (सोशल सिक्युरिटीचंच वरचं अपील मंडळ) आणि फेडरल कोर्ट वाचतं.

‘जजचा टक्का ३५, म्हणजे तुमची शक्यता ३५.’ इथे गणितच चुकलंय. सोशल सिक्युरिटीच्या तक्त्यात ‘डिस्पोझिशन्स’ आणि ‘डिसिजन्स’ असे वेगवेगळे रकाने असतात. पहिल्यात निकाली निघालेली प्रत्येक केस येते. अर्जदार आलाच नाही किंवा अपील मागे घेतलं म्हणून बंद झालेल्या केसही त्यातच. दुसऱ्यात फक्त खरोखर निकाल दिलेल्या. समजा एका जजकडे ४०० केस निकाली निघाल्या, त्यातल्या ८० अशाच बंद झाल्या आणि १६० मंजूर झाल्या. ४०० नं भागलंत तर टक्का ४०, ३२० नं भागलंत तर ५०. जज तोच, वर्ष तेच. निरोपातला टक्का कशानं भागून आला, हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं असेल?

शिवाय तो टक्का त्या जजच्या ढिगाचा आहे, तुमच्या फायलीचा नाही. ढिगात पंचविशीतला मुलगाही असतो आणि ५६ वर्षांचा गोदाम कामगारही. नियमांत वयाला मोठं वजन आहे. ५० आणि ५५ या दोन पायऱ्यांवर, शिक्षण आणि आधीचं काम बघून, ‘दुसरं हलकं काम करू शकाल’ हा नकार देणं अवघड होत जातं.

‘जज बदलून मागा.’ मागता येतो, पण टक्क्याच्या कारणावरून मिळत नाही. केस शक्य तितक्या आळीपाळीनं वाटायच्या, असं कायदाच सांगतो. जज पूर्वग्रहदूषित आहे असं वाटत असेल तर पहिल्याच संधीला हरकत घेता येते. पण ती घ्यायची तर त्यानं तुमच्याशी किंवा तुमच्या केसमध्ये काय केलं ते दाखवावं लागतं, नुसता आकडा कोर्टांना पुरत नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या अर्जदारांनी तिथल्या काही जजविरुद्ध सामूहिक दावा केला आणि २०१३ मध्ये तडजोड होऊन हजारो जणांना फेरसुनावणीचा मार्ग खुला झाला. तिथेसुद्धा नकारांच्या आकड्यांबरोबर सुनावण्या कशा चालवल्या याचे दाखले होते.

आता सगळ्यात घातक सल्ला: ‘अर्ज मागे घ्या आणि नव्यानं भरा.’ हा देणाऱ्यानं नियम वाचलेले नाहीत, आणि ऐकणाऱ्याचं नुकसान भरून निघणं कठीण.

अपील चालू असताना त्याच लाभासाठी दुसरा अर्ज करता येत नाही, असा नियम २०११ पासून आहे. म्हणजे आधी सुनावणीची मागणी मागे घ्यावी लागते. ती घेतली की आधीच्या पायरीवरचा, म्हणजे पुनर्विचारातला, नकार कायम होतो. नवा अर्ज केलात तर मागची थकबाकी जास्तीत जास्त अर्जाआधीच्या १२ महिन्यांची, आणि एसएसआय (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा वेगळा लाभ) असेल तर तीही नाही. पण खरी मेख आहे ‘डेट लास्ट इन्शुअर्ड’मध्ये, म्हणजे विम्याचं कवच संपतं त्या तारखेत. नोकरी सुटल्यावर विम्याचं कवच साधारण ५ वर्षं टिकतं. समजा एखाद्या बाईंनी बरीच वर्षं सलग नोकरी केली आणि डिसेंबर २०१९ ला ती थांबली. त्यांचं कवच ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं. पुनर्विचारातला नकार फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी सुनावणी सोडली. आता नव्या अर्जात त्यांना सिद्ध करायचंय की ३१ डिसेंबर २०२४ च्या आधीच आपण कामाला असमर्थ होतो. नेमका तोच काळ जुन्या नकारानं निकालात काढलाय. जुनी केस पुन्हा उघडायला वाट आहे, पण ती अरुंद, आणि पहिल्या नकाराला वर्ष उलटलं असेल तर सबळ कारण लागतं. सुनावणीला उभं राहून हरल्या असत्या तर निदान ६० दिवसांत पुढचं अपील तरी करता आलं असतं.

आपल्या लोकांत तर हे जास्तच जपायला हवं. मधली काही वर्षं भारतात काढली, किंवा एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) घरी बसावं लागलं, तर नोकरीतून जमणारी क्रेडिट्स आधीच तोकडी असतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यानं तिकडे भरलेल्या पीएफची वर्षं इथे जोडता येत नाहीत.

‘टक्का चांगला असेल तर वकील कशाला?’ त्याच २०१७ च्या अहवालात ज्यांच्या बाजूनं कुणी प्रतिनिधी होता, त्यांच्या मंजुरीचं प्रमाण एकट्यानं गेलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं. वकील जिंकण्यासारख्या केस निवडून घेतात, हाही त्यातला एक भाग असणार. सगळं श्रेय त्यांना देऊ नये. पण फीचं भय बाळगायचं कारण नाही. नेहमीच्या करारात केस जिंकली तरच थकबाकीच्या २५ टक्के, आणि त्यालाही कमाल मर्यादा; २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीला ती ९,२०० डॉलर झाली.

आणि वकील करतो काय, ते सुनावणीत कळतं. सुनावणी तशी छोटी, बहुतेक वेळा तासाभरात आटोपते, आता पुष्कळदा फोनवर किंवा व्हिडिओवर. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा फुकट मिळतो. एक व्होकेशनल एक्स्पर्ट, म्हणजे नोकऱ्यांचा जाणकार, हजर असतो. जज त्याला विचारतो: समजा या वयाचा, इतकं शिकलेला माणूस आहे, १० पौंड उचलू शकतो, दिवसात २ तास उभा राहू शकतो, त्याला काही काम आहे का? एक्स्पर्ट दोन-तीन कामांची नावं सांगतो. ती ज्या सूचीतून येतात ती शेवटची १९९१ मध्ये सुधारलेली, त्यामुळे २०२४ मध्ये काही कालबाह्य कामं वगळेपर्यंत काजू-बदाम निवडणारा कामगार वगैरे ऐकून हसू यायचं. मग पुढचा प्रश्न येतो: हाच माणूस दिवसातला १५ टक्के वेळ कामावर लक्षच देऊ शकत नसेल, किंवा महिन्यात ३ दिवस दांडी मारावी लागत असेल तर? बहुतेक वेळा उत्तर एकच: असं काम नाही. केस इथे फिरते. पण ते १५ टक्के आणि ते ३ दिवस कुठल्या तरी कागदात दिसले पाहिजेत. जजनं ते विचारलं नाही तर वकिलानं विचारायचं असतं.

कागदांत आपण मार खातो तो आपल्या सवयीनं. डॉक्टर विचारतात, “कसं काय?” आपण म्हणतो, “बरंय, चाललंय.” डॉक्टर लिहितात, ‘डुइंग वेल’. दीड वर्षानं जज तेच वाचतो. वीस मिनिटांच्या वर बसवत नाही, दुपारी दोन तास आडवं व्हावं लागतं, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, हे प्रत्येक भेटीत डॉक्टरांना सांगा आणि लिहायला लावा. ‘पेशंट काम करू शकत नाही’ एवढीच चिठ्ठी आणली तर तिला किंमत नाही, कारण तो निर्णय सोशल सिक्युरिटीचा आहे, डॉक्टरांचा नाही. मार्च २०१७ नंतरच्या अर्जांत तर नेहमीच्या डॉक्टरांच्या मताला आपोआप जास्त वजनही मिळत नाही. त्या मतामागे तपासण्या आहेत का आणि बाकीच्या कागदांशी ते जुळतं का, हे पाहिलं जातं. कागद पाठवायचे, किंवा निदान ते येणार आहेत असं कळवायचं, ते सुनावणीच्या ५ कामकाजी दिवस आधी.

कोट्याचं थोडक्यात. वर्षाला ५०० ते ७०० केस निकाली काढा, असं जजना २००७ मध्ये सांगितलं गेलं. तो आकडा निकालांच्या संख्येचा, मंजुरींचा नव्हे. १९८० च्या दशकात जास्त मंजुरी देणाऱ्या जजांना वेचून तपासायला सुरुवात झाली, तेव्हा जजांची संघटनाच कोर्टात गेली होती.

उरला तो ‘चांगल्या टक्क्याचा जज’. वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन कार्यालयात डेव्हिड डॉहर्टी नावाचे जज होते. २०१० च्या आर्थिक वर्षात त्यांचे १,२८४ निकाल, त्यातले नकार ४. निरोपाच्या हिशेबानं लॉटरीच. केंटकीतला एरिक कॉन हा वकील त्यांना मंजुरीसाठी पैसे चारत होता, एकूण ६ लाख डॉलरच्या वर. २०१७ मध्ये डॉहर्टी यांना ४ वर्षांची कैद झाली. पण त्याच्या दोन वर्षं आधीच कॉनच्या शेकडो अशिलांच्या घरी पत्रं येऊन पडली होती: तुमचे जुने वैद्यकीय कागद संशयास्पद आहेत, अपंगत्व पुन्हा सिद्ध करा. त्यात खरोखर आजारी माणसंही होती. कित्येक वर्षांपूर्वीचे कागद आता आणायचे कुठून? फेरतपासणी झालेल्या सुमारे १,८०० जणांतल्या जवळजवळ निम्म्यांचे पैसे बंद झाले. कागद खोटे नाहीत हे दाखवायची संधीही न देता ते बाजूला काढणं घटनाबाह्य आहे, असं अपील कोर्टानं म्हणेपर्यंत २०१८ उजाडलं.