पाप्यांनी प्रतिकारशक्ती वाढत नसते

माझ्या भाचीचे बाळ रविवारी पाच आठवड्यांचे होईल आणि त्याच दिवशी ती त्याला घेऊन प्रथमच नातेवाइकांकडे जाणार आहे. काल तिने एक फिरता मजकूर पाठवून विचारले, ‘मामा, यातले खरे किती?’ मजकुराचे म्हणणे असे: बाळ जितक्या हातांत फिरेल आणि त्याचे जितके पापे घेतले जातील, तितकी त्याची प्रतिकारशक्ती वाढते, आईच्या दुधावरच्या बाळाला इतरांच्या खोकल्याची बाधा होत नाही, ते रडले तरी आईने लगेच परत घेऊ नये, आणि मोटारीत आईची मांडी हीच सर्वांत सुरक्षित जागा.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. त्याचे मूळ बहुधा 1989 साली ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलेल्या निरीक्षणात असावे. पण मोठ्या कुटुंबातील मुलांना पुढे गवतज्वर, म्हणजे परागकणांमुळे शिंका-सर्दी आणणारी ॲलर्जी, कमी होतो, एवढेच ते निरीक्षण सांगते, नवजात बाळाला जंतू पाजा असे नव्हे. डांग्या खोकल्याचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या भूमिकापत्रानुसार त्याच्या लसीचा पहिला डोस लवकरात लवकर सहाव्या आठवड्यात देता येतो, म्हणजे आमच्या बाळाला तो रविवारपर्यंत मिळालेलाच नसेल. मोठ्या माणसाला जो नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो, त्याच जंतूने एवढे लहान बाळ कधीकधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो आणि ते निळे पडते. ओठावर पाण्याचे बारीक फोड आलेल्या माणसाचा एक पापाही नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो, कारण ते फोड बहुधा हर्पीसच्या विषाणूचे असतात. यातून कुठली शक्ती वाढते, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे.

दुधाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. त्यातील प्रतिपिंडांमुळे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांमुळे, संसर्ग कमी होतात, पण ‘कमी’ म्हणजे ‘होतच नाहीत’ नव्हे. रडण्याबद्दल काय बोलावे? भुकेले बाळ परक्या हातांत ठेवल्याने ते माणसाळत नाही, जास्त रडते, इतकेच.

मांडीबद्दल साधे गणित पुरेसे आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर साडेचार किलोच्या बाळाला धरून ठेवायला 60 किलोंहून अधिक भार पेलण्याइतका जोर लागतो. तो कुणाच्याही हातांत नसतो. त्यासाठी मागे तोंड असलेले बाळाचे आसनच हवे.

हे सारे कळवल्यावर भाचीचा पुढचा प्रश्न आला, की आजेसासूबाईंना दोन आठवडे खोकला आहे, त्यांना कसे सांगायचे? ते तिच्या नवऱ्याने सांगावे, आणि रविवारी नव्हे, आजच फोन करून.