कुठली खोली, किती वाजता?

महाराष्ट्रातल्या बातम्या इथे जर्मनीत बसून वाचताना दोन वाद सतत समोर येतात. एक सोसायट्यांचा: मांसाहार करणाऱ्याला घर नाही, मराठी माणसाला घर नाही, जिन्यात मासळीचा वास नको. दुसरा भाषेचा. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो जरा मऊ केला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. धोरण होतं, विरोध धोरणाला झाला, सरकारने माघार घेतली. इथवर माझी काही तक्रार नाही. पण त्याच सुमारास मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराच्या कानाखाली वाजवली गेली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग मराठी माणसांचा मोर्चा. शासन निर्णय रद्द झाला तरी त्या गल्लीतलं भांडण मिटलं नव्हतं, कारण ते मिटवायला कोणी बसलंच नव्हतं.

आपल्याकडे शेजाऱ्याशी झालेला तंटा फार लवकर संस्कृतीवर येतो. मग दोघांच्याही मागे आख्खा समाज उभा राहतो आणि मागे हटणं म्हणजे समाजाची नाचक्की होते. मिक्सर बंद करता येतो, संस्कृती कशी बंद करणार?

मिक्सरचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. मी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात राहते. इथल्या एका ओळखीच्या मराठी कुटुंबाचं शेजारच्या दारातल्या आजोबांशी बिनसलं होतं. आजोबा दारावर चिठ्ठ्या चिकटवायचे. ‘सकाळी आवाज नको.’ ‘जिन्यात चपला ठेवू नका.’ खाली नीट सही. घरातल्या बाईंनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एक दिवस जिन्यातच त्यांना ‘नाझी’ म्हणून मोकळ्या झाल्या. इथे हा शब्द तोंडून गेला की प्रकरण साधं राहत नाही. आजोबांनी अपमानाची तक्रार केली.

जर्मन फौजदारी प्रक्रियेत अपमान, किरकोळ मारहाण, घरात घुसणं, मोडतोड अशा गुन्ह्यांसाठी खाजगी फिर्याद लावायची असेल, तर आधी समेटाचा प्रयत्न करावा लागतो. तो फसल्याचा दाखला हातात असल्याशिवाय कोर्ट दार उघडत नाही. या राज्यात शेजाऱ्यांच्या हक्कांचे बरेचसे दिवाणी वादही याच वाटेने जातात. हा समेट जिथे घडतो त्याला शीड्सआम्ट म्हणतात. प्रशियात १८२७ साली सुरू झालेली ही पद्धत आजही अनेक राज्यांत चालू आहे. तिथे बसणारी व्यक्ती वकील किंवा न्यायाधीश असावी लागत नाही. गावाची किंवा शहराची निवडून आलेली परिषद तिला पाच वर्षांसाठी नेमते, स्थानिक कोर्ट त्यावर शिक्कामोर्तब करतं, आणि काम मानद असतं. फीही नाममात्र, चाळीस-पन्नास युरोंच्या आत भागते.

दुभाषी म्हणून मी सोबत गेले. नगरपालिकेतली एक साधी खोली, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि मध्ये बसलेल्या निवृत्त शिक्षिका. दोन्हीकडून भाषणं तयार होती. आमच्या बाईंकडे परकेपणाचं, आजोबांकडे ‘या देशात राहायचं तर’ या छापाचं. शिक्षिकेने दोन्ही भाषणं शांतपणे पूर्ण होऊ दिली, त्यातलं एक अक्षरही लिहून घेतलं नाही, आणि मग पेन उघडून विचारलं, “आवाज कुठल्या खोलीत येतो? किती वाजता?”

आजोबांच्या झोपायच्या खोलीत, पावणेसहाला. बाईंची कामाची पाळी लवकरची, त्यामुळे डब्याची चटणी त्या वेळी वाटली जायची, आणि ओटा होता नेमका दोन घरांमधल्या सामाइक भिंतीला लागून. ही गोष्ट दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हती. बाईंना वाटत होतं, आजोबांचा राग आपल्या स्वयंपाकावर आहे. आजोबांना वाटत होतं, हे मुद्दाम चाललंय.

मग चिठ्ठ्यांचा विषय निघाला. आजोबा म्हणाले, “लोकांचं दार वाजवून त्रास कशाला द्यायचा? म्हणून लिहून ठेवायचो.” आमच्या बाईंना हे पटेना. भिंतीला भिंत लावून राहणारा माणूस चिठ्ठी चिकटवतो, म्हणजे त्याला आपलं तोंडसुद्धा बघायचं नाही, असा त्यांनी अर्थ घेतला होता. उलट जिन्यात भेटल्यावर त्या आधी बोलायच्या नाहीत, मोठ्या माणसाने बोलल्यावर आपण बोलावं म्हणून. आजोबांच्या लेखी तो उद्धटपणा. इथे जिन्यात दिसलेल्याला नमस्कार न करणं हे वाईट वळण समजलं जातं. चपलांचं तर काहीच नव्हतं: जिना हा आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता, म्हणून तिथे सामान ठेवायचं नाही. एवढंच कारण, पण ते चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

कागदावर आलं ते असं: मिक्सर दुसऱ्या भिंतीकडे, सातच्या आधी नाही. चपला घरात. काही खुपलं तर आजोबा बेल वाजवतील. बाईंनी शब्द मागे घेतला, आजोबांनी तक्रार. दोघांच्या सह्या. हा कागद वरवरचा नाही. अशा समेटाची अंमलबजावणी तीस वर्षांपर्यंत कोर्टामार्फत करून घेता येते.

त्यानंतर दोन घरांत फराळाची ताटं फिरू लागली, असं काही झालेलं नाही. दोघं जिन्यात नमस्कार करतात आणि आपापल्या दारात शिरतात. शेजारधर्म म्हणून मला एवढं पुरेसं वाटतं. आपल्याकडे समेट झाला की लगेच गळाभेट हवी असते, फोटोसकट, आणि ती झाली नाही तर समेट खोटा मानतात. परक्या रीतीच्या माणसावर प्रेम करायची सक्ती कशाला?

म्हणून जर्मनी शहाणी आणि आपण अडाणी, असं मी म्हणणार नाही. घर भाड्याने शोधताना परक्या आडनावाला येणारा अनुभव इथल्या कुठल्याही भारतीयाला विचारा. २००६च्या समान वागणूक कायद्यात घर देताना भेदभाव करायला मनाई आहे, पण त्याच कायद्यात ‘सामाजिकदृष्ट्या स्थिर वस्ती’ टिकवण्यासाठी वेगळी वागणूक चालेल, अशी पळवाटही ठेवलेली आहे. वाचताना मला आपला २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवतो: अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं राखायची मुभा त्यात मिळाली. अशा ठिकाणी पाण्याची बाटली आणि शांत शिक्षिका कामाची नाही. ज्याला दारातच अडवलं जातं त्याचा कोणाशी गैरसमज झालेला नसतो. त्याला हक्क हवा असतो, आणि तो कायद्यानेच मिळायला हवा. सोसायटीतल्या मासळीच्या वासाचा वाद आणि मासळी खाणाऱ्याला घरच न देण्याचा वाद आपण एकाच चर्चेत कोंबतो. पहिल्याला खिडकी आणि पंख्याची वेळ पुरते. दुसऱ्यात तोडगा काढायला बसवणं म्हणजे नाकारलेल्यालाच ‘समजुतीने घे’ म्हणणं.

आपल्या घराघरांत हेच होत आलंय. आंतरजातीय किंवा आंतरप्रांतीय लग्नातली सून असो, नाहीतर नवीन भाडेकरू, मध्यस्थीला बसलेली वडीलधारी मंडळी आधी बघतात की कोणाला वाकवणं सोपं आहे. ‘तूच पडतं घे, तू शहाणी आहेस.’ शहाणपणाची ही किंमत बहुतेकदा एकाच बाजूने मोजली जाते. त्या खोलीत मला सगळ्यात आवडलं ते हे, की कोण शहाणं आहे हा प्रश्नच तिथे निघाला नाही.

भाषेबद्दलही इथून थोडं बोलायला हवं. जर्मनीत राहायचं तर जर्मन यायला हवी, याबद्दल इथे कोणाला शंका नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मुंबईत दुकान चालवणाऱ्याने मराठी शिकावं, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. पण जर्मन सरकारने अपेक्षेबरोबर वर्गही काढले. २००५पासून चालू असलेल्या एकात्मीकरण अभ्यासक्रमात आज साधारणपणे सहाशे तास भाषेचे आणि शंभर तास इथले कायदे, इतिहास, रीतभात यांचे असतात. जिन्यात नमस्कार करायचा असतो हे ज्याला कोणी सांगितलेलंच नाही, त्याला उद्धट ठरवण्यात काय अर्थ? आपल्याकडे मराठीचा आग्रह धरणाऱ्या पक्षांनी आणि सरकारांनी कामगारांसाठी, दुकानदारांसाठी संध्याकाळचे मराठीचे वर्ग वॉर्डावॉर्डांत चालवले असते, तर ‘शिकत नाही’ म्हणायला तोंड राहिलं असतं.

आणि समेटाची जागा? आपल्याला ती कल्पना परकी नाही. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं लागली. त्या समित्यांतही ‘तूच पडतं घे’ चाललं असेल, पण निदान बसायला एक सतरंजी होती. मोहीम गावांसाठी होती. ज्या शहरांत चार राज्यांची माणसं एका लिफ्टमधून वरखाली करतात, तिथे सोसायटीचा सेक्रेटरी, पोलीस ठाणं किंवा पक्षाची शाखा, यापलीकडे दार नाही. २०२३च्या मध्यस्थता कायद्यात वस्तीतल्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. ती वाचून बरं वाटलं, पुढे वाचलं आणि हिरमोड झाला: अशा मध्यस्थीतून झालेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा राबवता येणार नाही, असं तिथेच लिहून ठेवलंय. मग सही करणाऱ्याने ती गंभीरपणे का करावी?

माझी मागणी लहान आहे. शहरातल्या प्रत्येक वॉर्डात पाच वर्षांसाठी एक माणूस नेमावा, महिन्यातून दोन संध्याकाळी त्याला पालिकेची खोली द्यावी, आणि त्याच्यासमोर झालेल्या सहीला वजन द्यावं. नेमताना तो नगरसेवकाचा मेव्हणा नाही, एवढं मात्र बघून घ्यावं.