‘फ्लॅट तुमचा, नियम तुमचे’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

गेल्या सर्वसाधारण सभेला आमच्या तळमजल्यावरचे काका हातात एक कागद घेऊन आले. चार घड्या घातलेला, हिरव्या पेनाने अधोरेखित केलेला. तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल: ‘फ्लॅटमालकांनो, जागे व्हा! फ्लॅट तुमचा, नियम तुमचे.’ खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘दहा ग्रुपवर पाठवा’. काकांनी तो उभं राहून वाचून दाखवला. टाळ्याही पडल्या.

सचिवपदाचं हे माझं सातवं वर्ष. सगळाच मेसेज खोटा असता तर सोपं होतं. त्यात एक मुद्दा बराचसा खरा आहे, एक अर्धा खरा आहे, आणि त्यांच्या जोरावर बाकीचे चार खपून जातात.

मुद्द्यांवर येण्याआधी एक गोष्ट. मेसेज लिहिणाऱ्याने १९७०चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आणि १९६०चा सहकारी संस्था कायदा एकाच भांड्यात ढवळलेत. सोसायटी असेल तर तुम्ही तिचे सभासद, हातात शेअर सर्टिफिकेट. घोषणापत्र नोंदवून केलेलं अपार्टमेंट, म्हणजे कॉन्डोमिनियम असेल तर तुमच्या नावाचं अपार्टमेंट डीड आणि जमिनीसह सामायिक भागात ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. दारावरची पाटी सारखीच दिसते, कायदा वेगळा. आपलं काय आहे हे न बघता कलमं फेकण्यात अर्थ नाही. आमची सोसायटी आहे, तेव्हा पुढचं मुख्यतः त्याच अंगाने.

पहिला मुद्दा काकांचा लाडका: ‘तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचा खर्च देऊ नये.’ आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली, याच्या नेमकं उलट सांगते. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी तिचा दुरुस्तीचा आणि चालवण्याचा खर्च समान वाटून घ्यायचा, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. हे शब्द तिथे उगाच नाहीत. हा वाद काकांच्या आधी हजार इमारतींत झालेला आहे. वॉचमन, सफाई, सामायिक दिवे हे सेवाशुल्कही दर फ्लॅटला सारखंच, वन बीएचके असो की थ्री. पाण्याचा हिशेब मात्र नळांची संख्या आणि आकार पाहून. अपार्टमेंटमध्ये हाच खर्च अविभक्त हिश्शाच्या टक्क्यांनुसार पडतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. तिथेही ‘मी वापरत नाही’ म्हणून सुटका नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यांत घातक: ‘सेवा नीट मिळत नसेल तर मेंटेनन्स थांबवा, कोणी काही करू शकत नाही.’ करू शकतात. २०१९ साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली सोसायटी निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, वसुलीचा दाखला मागू शकते, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जप्तीपर्यंत. वर व्याज असतंच. २०१४च्या आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला सरळव्याजाने २१ टक्के आहे. चार महिन्यांपूर्वी एका सभासदाने टाकी साफ होत नाही म्हणून पैसे थांबवले. टाकी खरंच घाण होती, मी स्वतः झाकण उघडून पाहिलं, आत मेलेलं कबुतर. तक्रार शंभर टक्के रास्त! पण त्यासाठी लेखी अर्ज, मग उपनिबंधक, वाद पेटलाच तर सहकार न्यायालय. पैसे थांबवले की टाकी साफ करणाऱ्याचंच बिल राहतं, आणि आमच्याकडे तेच झालं.

इथे दुसरी बाजूही ऐका. थकबाकीदाराचं पाणी तोडण्याची भाषा करणारे पदाधिकारी मी पाहिलेत, आमच्याच कमिटीत एक होते. तोही अधिकार कोणाला नाही. वसुलीसाठी कायद्याने रस्ता दिलाय, त्याच रस्त्याने जायचं.

तिसरा: ‘चार भिंतींच्या आत काहीही तोडा.’ ज्याला तुम्ही आपली भिंत म्हणता तिच्यात वरच्या तीन मजल्यांचं वजन वाहणारा कॉलम असू शकतो. रंग, फरशी, कपाटं खुशाल करा. कॉलम, बीम, स्लॅबला हात लावायचा तर सोसायटी आणि महापालिका दोघांची परवानगी हवी. ती नसताना पालिकेची नोटीस आली तर ‘माझाच फ्लॅट आहे’ हे उत्तर चालत नाही.

‘गळती सोसायटीचीच जबाबदारी’ हा अर्धा खरा मुद्दा. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी, त्याने शेवटच्या मजल्याच्या छताचं उडालेलं प्लास्टर, बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी आतली गळती मात्र त्या-त्या सभासदाने दुरुस्त करायची. गळती कुठली हे ठरवणं हाच खरा तंटा. दुसऱ्या मजल्यावर छताला पोपडे आले तेव्हा वरच्या ताई ‘माझं बाथरूम कोरडं आहे’ यावर ठाम होत्या. प्लंबरने त्यांच्या नहाणीत पाणी वाहून जायचं तोंड बंद करून निळ्या रंगाचं पाणी साचवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या छतावर पुरीएवढा निळसर डाग. ताई काही बोलल्या नाहीत, पण मिस्त्री त्यांनीच बोलावला.

‘विकायला किंवा भाड्याने द्यायला सोसायटीला विचारू नका.’ हा बराचसा खरा. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीचं ना-हरकत पत्र लागत नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावे होताना सोसायटीला द्यायची रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये, त्यावर ‘इमारत निधी’च्या नावाखाली लाखभर मागणाऱ्या कमिट्यांना हे कलम दाखवाच. भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, २००१पासून हीच मर्यादा. पण न विचारणं वेगळं आणि न कळवणं वेगळं. नोंदणीकृत कराराची प्रत सोसायटीला द्यायची असते. आणि करार लेखी व नोंदणीकृत करणं ही १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकलेली जबाबदारी आहे, एजंटवर नाही.

पार्किंगबद्दल थोडक्यात. ‘बिल्डरला पैसे दिले, स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा कायमची माझी’ हा समज सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकालात काढला: मोफाखाली, म्हणजे बिल्डरच्या फ्लॅटविक्रीवर नियम घालणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, स्टिल्ट पार्किंग हा फ्लॅट नव्हे, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही.

काकांचा कागद संपला तेव्हा मी त्यांना कपाटातली एक फाइल दाखवली. मेसेजमध्ये नाव नसलेला विषय त्यात आहे: अभिहस्तांतरण. मोफाप्रमाणे सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची. नाही दिली तर २००८च्या दुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, बिल्डरच्या सहीवाचून. आमची सोसायटी नोंदवून एकोणीस वर्षं झाली. फाइलमधल्या प्रॉपर्टी कार्डावर आजही बिल्डरचंच नाव आहे, आणि अर्जाला लागणारी सभासदांची यादी, करारांच्या प्रती, इंडेक्स-दोन (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा) गोळा करायला मी गेले आठ महिने दारोदार फिरतोय. सोळापैकी अकरा फ्लॅटची कागदपत्रं आली. काकांची अजून यायची आहेत.