‘डॉट म्युझिक’ घेतलं म्हणजे चालीवर हक्क मिळतो, हे खरं नाही
आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी ताबडतोब डॉट म्युझिक नाव घ्या, नाहीतर तुमच्या चालींवर दुसराच हक्क सांगेल.’ पेटीवाले काका पैसे भरायलाच निघाले होते, म्हणून हा खुलासा.

डॉट म्युझिक खरंच आहे. डॉट कॉमसारखंच ते वेबसाइटच्या पत्त्याचं शेपूट (.music), म्हणजेच डोमेन. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०१२ साली नव्या डोमेनसाठी अर्ज मागवले, तेव्हा या एका शब्दावर आठ जणांनी दावा केला. गूगल आणि अ‍ॅमेझॉनही त्यांत होते. अर्जाची फीच १ लाख ८५ हजार डॉलर! संगीत-समुदायाच्या नावाने अर्ज करणाऱ्या सायप्रसच्या ‘डॉटम्युझिक’ या कंपनीला समुदायाच्या निकषावर १६ पैकी १४ गुण हवे होते, मिळाले १०. तरी २०१९ साली शब्द अखेर त्यांच्याकडेच आला, याचं मला मनापासून बरं वाटलं.

पण डोमेन म्हणजे दारावरची पाटी. भाडं भरत राहाल तोवर ती तुमची. घरातल्या वस्तूंची मालकी पाटीने ठरत नाही. भारतात १९५७च्या कायद्यानुसार चाल रचली की कॉपीराइट आपोआप लागू होतो, त्याची नोंदणीही सक्तीची नाही. तुकोबांचे अभंग सगळ्यांचे आहेत. काकांनी त्यांना लावलेली नवी चाल मात्र काकांचीच.

डॉट म्युझिक नाही घेतलं म्हणून जुनी डॉट कॉमची साइटही बंद होणार नाही. काकांना एवढंच सांगितलं: चाल बसली की मोबाइलवर रेकॉर्ड करा, तारखेसकट जपून ठेवा.